एक्स-रेत गुडघा दिसतो, बाईचा दिवस दिसत नाही

हाडे-सांध्यांचे आजार सहसा जीव घेत नाहीत, म्हणून त्यांची गणना ‘किरकोळ’ दुखण्यांत होते. पण अहिल्यानगरसारख्या शेती, दूध आणि ऊसतोडीच्या जिल्ह्यात हेच आजार माणसाची कमाई, झोप, शौचाला जाण्याची सोय आणि घरातले स्थान हिरावून घेतात. उपचार ठरवताना मात्र या गोष्टी विचारल्याच जात नाहीत. त्या विचारल्या का जाव्यात, याचे हे विश्लेषण.

राहाता किंवा संगमनेर तालुक्यातल्या एखाद्या मळ्यातली सकाळ डोळ्यांसमोर आणावी. साडेपाच वाजले आहेत. गोठ्यात दोन गाई. पन्नाशी ओलांडलेली बाई उकिडवी बसून धार काढते. मग चुलीपुढे बसून भाकऱ्या. मग रानात दिवसभर कांद्याची किंवा घासाची खुरपणी, तीही बसूनच पुढे सरकत. संध्याकाळी पुन्हा गोठा. मधल्या वेळात धुणे, भांडी, आणि घराच्या मागच्या बाजूला असलेले भारतीय पद्धतीचे शौचालय.

या बाईचा गुडघा दुखू लागतो. वर्षभर मलम, तेल, मेडिकलमधल्या गोळ्या होतात. शेवटी ती तालुक्याच्या दवाखान्यात जाते. एक्स-रे निघतो. ‘मावशी, झीज झाली आहे. आता खाली बसायचे नाही, मांडी घालायची नाही, वजन उचलायचे नाही,’ असे सांगितले जाते. सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पण त्या एका वाक्यात तिचा अख्खा दिवस बंद झाला. धार कुणी काढायची, खुरपणीची मजुरी कुठून यायची, शौचाला कसे बसायचे, याचे उत्तर त्या चिठ्ठीवर नसते.

अस्थिरोगांचा जीवनमानावर होणारा परिणाम म्हणतात तो हाच.

मारत नाही, मग गंभीर कसा?

आपल्याकडे आजाराचे गांभीर्य मृत्यूवरून ठरते. हृदयविकार, कर्करोग, सर्पदंश यांची भीती वाटते. गुडघा, कंबर, मान, खांदा यांचे दुखणे ‘वयाचे’ म्हणून सोडून दिले जाते. जागतिक पातळीवर आजारांचा भार मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी ही चूक फार पूर्वीच ओळखली. त्यांनी मृत्यूंबरोबरच ‘आजारासह काढलेली वर्षे’ मोजायला सुरुवात केली. म्हणजे माणूस जगला, पण त्या वर्षांत त्याला किती करता आले नाही, याचा हिशेब.

त्या हिशेबात कंबरदुखी जगात पहिल्या क्रमांकावर आहे. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि सुमारे ५९ कोटी ५० लाख लोकांना सांध्यांची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. भारतात झिजेच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये सुमारे २ कोटी ३५ लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे सव्वासहा कोटींवर गेली. लोकसंख्या वाढली, आयुष्य वाढले, वजनेही वाढली, ही त्यामागची मुख्य कारणे. झिजेत सर्वाधिक त्रास गुडघ्याला होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

हे आकडे मृत्यूच्या नोंदवहीत दिसत नाहीत. ग्रामपंचायतीत ‘गुडघ्यामुळे मेली’ अशी नोंद कधी होत नाही. म्हणूनच त्यासाठी मोर्चा निघत नाही आणि निधीही मागितला जात नाही.

जीवनमान म्हणजे नेमके काय?

‘जीवनमान’ हा शब्द ऐकला की घर, गाडी, उत्पन्न डोळ्यांसमोर येते. वैद्यकशास्त्रात अर्थ वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात जीवनमान मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. ती घडवताना जगातल्या जी वेगवेगळी केंद्रे सहभागी होती, त्यांत दिल्ली आणि मद्रास ही दोन भारतीय केंद्रेही होती. तिच्या २६ प्रश्नांच्या छोट्या आवृत्तीत चार बाजू पाहिल्या जातात: शरीर, मन, माणसांशी नाती आणि भोवतालची परिस्थिती.

त्या संघटनेच्या व्याख्येचा गाभा असा की, माणूस ज्या संस्कृतीत राहतो, त्याच्या ज्या अपेक्षा आणि चिंता आहेत, त्यांच्या संदर्भात तो स्वतःच्या आयुष्याकडे कसा पाहतो, ते त्याचे जीवनमान. म्हणजे ते बाहेरच्याने ठरवायचे नाही, ज्याचे आयुष्य आहे त्याने सांगायचे.

हाडांच्या आजारात या चारही बाजू एकदम हलतात. गुडघा किंवा कंबर दुखते, ही शरीराची बाजू. रात्री कूस बदलताना कळ येते, झोप मोडते, चिडचिड वाढते आणि ‘आपला उपयोग संपला’ असे वाटू लागते, ही मनाची. हळदीकुंकवाला गेले तर सतरंजीवरून उठायला दोघींचा हात लागतो, म्हणून जाणेच बंद होते; मोहटादेवीला किंवा मढीला जायचे तर चढ नको वाटतो; त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी जिल्ह्यातून जाते तेव्हा जी व्यक्ती वर्षानुवर्षे सोबत चालली, ती आता रस्त्याच्या कडेला खुर्चीवर असते. ही नात्यांची बाजू. आणि घराचा उंबरा, शौचालय, एसटीची पायरी ही परिस्थितीची.

२०२३ पासून महिलांना एसटीत तिकिटात निम्मी सवलत आहे, त्याआधी २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत झाला. दोन्ही निर्णयांचा फायदा गावोगावच्या लोकांना झाला. पण तिकीट अर्धे झाले तरी गाडीची पायरी तेवढीच उंच राहिली. जिचा गुडघा वाकत नाही, तिच्यासाठी सवलत पायरीपाशीच थांबते.

मोजपट्टी कुणाच्या आयुष्याची?

गुडघ्याच्या रुग्णाचे जीवनमान मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या काही प्रश्नावल्या आहेत. कॅनडातल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात तयार केलेली ‘वोमॅक’ ही त्यांतली सर्वात प्रसिद्ध. तिच्यात २४ प्रश्न आहेत: पाच वेदनेचे, दोन सांधे आखडण्याचे आणि सतरा रोजच्या हालचालींचे. जिना चढणे-उतरणे, खुर्चीतून उठणे हे प्रश्न कुठेही लागू पडतात. पण त्याच यादीत मोटारीत बसणे-उतरणे, मोजे घालणे-काढणे, बाथटबमध्ये उतरणे हेही प्रश्न आहेत. शेवगाव-पाथर्डीच्या बाईला हे विचारून काय हाती लागणार?

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कूस’ ही दुसरी प्रश्नावली अधिक बोलकी आहे. तिच्यात उकिडवे बसणे आणि गुडघ्यांवर टेकणे हे प्रश्न आहेत. पण ते धावणे आणि उड्या मारणे यांच्या सोबतीने ‘खेळ आणि करमणूक’ या सदराखाली येतात. युरोप-अमेरिकेत ते बरोबरच आहे. तिथे उकिडवे बसण्याची वेळ बागेत किंवा मैदानावर येते. इथे तीच कृती पोटाची आणि शौचाची आहे.

या प्रश्नावल्या चुकीच्या नाहीत. संशोधनासाठी त्या लागतातच, आणि अनेक देशांत त्यांत स्थानिक बदल करून घेतले जातात. मुद्दा एवढाच की, मोजपट्टीतच जर आपला दिवस नसेल, तर बरे होण्याची व्याख्याही आपली राहत नाही.

गंमत म्हणजे आपल्याच एका सरकारी पद्धतीत ही गोष्ट बरोबर पकडली आहे. चलनविषयक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देताना पायाची स्थिरता तपासण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत काही कृती दिल्या आहेत: सपाट जागी चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर आणि दुखऱ्या पायावर उभे राहणे, वळणे, आणि त्यांच्याच बरोबरीने उकिडवे बसणे, मांडी घालून बसणे, गुडघ्यांवर टेकणे. म्हणजे प्रमाणपत्राच्या टेबलावर हा प्रश्न विचारला जातो. मग उपचाराच्या टेबलावर तो का विचारला जाऊ नये?

जामखेडमध्ये याचे उत्तर कसे दिसते?

या प्रश्नाचे एक जुने, ठोस उत्तर नगर जिल्ह्यातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, अनेकदा निरक्षर, बायकांना आरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार करणारे हे काम जगभर अभ्यासले गेले आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच प्रकल्पात कृत्रिम अवयव आणि कॅलिपर बनवण्याची कार्यशाळा आहे आणि तिथे ‘जयपूर फूट’ बनतो.

जयपूर फूटची कथा इथे महत्त्वाची आहे. पाय गमावलेल्यांसाठी परदेशी बनावटीचे पाऊल १९६०च्या दशकात भारतात मिळत होते. पण ते बुटासाठी बनवलेले होते. ते घालून अनवाणी चालता येत नसे, चिखलात उतरता येत नसे, उकिडवे किंवा मांडी घालून बसता येत नसे. त्यामुळे पाय मिळूनही शेतकरी शेतात परत जात नव्हता. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस रबर वापरून असे पाऊल बनवले, जे बुटाशिवाय चालते, पाण्यात टिकते आणि खाली बसू देते. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या दोघांनी आधी रुग्ण दिवसभर काय करतो ते पाहिले आणि मग पाऊल घडवले. हा क्रम पायाच्या बाबतीत जमला. गुडघा आणि कंबर यांच्या बाबतीत अजून जमलेला नाही.

नगर जिल्ह्यात हा प्रश्न वेगळा का?

क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वात मोठा जिल्हा आहे. चौदा तालुके, १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार आणि २०११च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून अधिक लोकसंख्या. उत्तरेकडे प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरचा ऊस आणि दूध. लोणीला १९५०च्या सुमारास उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यातला. दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत यांसारखे अवर्षणग्रस्त तालुके. पश्चिमेला अकोल्याचा डोंगरी भाग, जिथे कळसूबाईच्या परिसरातल्या वाड्यांवर पाणी आणि सरपण चढाने आणावे लागते.

म्हणजे एकाच जिल्ह्यात तीन प्रकारची शरीरकष्टाची कामे आहेत. एका भागात बसून करायची, दुसऱ्या भागातून बाहेर जाऊन ओझ्याखाली करायची, तिसऱ्या भागात चढ-उतारावर करायची. गुडघा आणि कंबर तिन्ही ठिकाणी लागतात.

ऊसतोडीचे उदाहरण सर्वात कठोर आहे. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ‘एक कोयता’, मुकादमाकडून उचल घेऊन बाहेर पडते. पहाटे फडात. वाकून बुडख्यापासून ऊस तोडायचा, वाढे काढायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची आणि फळीवरून वर चढवायची. हे पट्टा पडेपर्यंत, पाच-सहा महिने. कंबरेसाठी सर्वात वाईट हालचाल कोणती असे विचारले तर पुढे वाकून, वळून, वजन उचलणे हे उत्तर येईल. ऊसतोडीत तीच दिवसभर करावी लागते.

त्यात ‘खाडा’ आहे. एक दिवस कामावर गेले नाही, तर त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंड लागतो. त्यामुळे कंबर धरली की विश्रांती हा पर्यायच उरत नाही. गोळी किंवा इंजेक्शन घेऊन फडात उतरायचे. वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते. ती गोळीने दाबून तेच काम सुरू ठेवले की इजा वाढते. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे खराब होऊ शकतात. गावोगावी ‘सांधेदुखीवर हमखास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड असण्याचा धोका असतो. सुरुवातीला जादूसारखा आराम पडतो, पुढे हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

गुडघे बदलले की प्रश्न सुटतो?

अनेकांचा सुटतो, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. सांधेरोपण ही आधुनिक वैद्यकातल्या यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बसवलेल्या दहापैकी सुमारे आठ पूर्ण कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात. रात्र-रात्र न झोपलेला माणूस त्यानंतर शांत झोपतो, चालतो, बाजारात जातो.

खर्चाचा एक मोठा अडथळाही कमी झाला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत, जी आधी सरासरी दीड लाखांच्या वर होती, ती कर वगळून ५४,७२० रुपयांवर आली.

पण शस्त्रक्रियेनंतरही सुमारे पाचपैकी एक रुग्ण समाधानी नसतो, असे परदेशांतल्या मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. असमाधानाचे एक मोठे कारण म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतले अंतर. कृत्रिम गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो. चालायला, जिन्याला, खुर्चीला ते पुरेसे आहे. पूर्ण उकिडवे बसायला मात्र १३० अंशांहून अधिक वाकावे लागते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्णांना खाली न बसण्याचा सल्ला मिळतो.

शहरातल्या, कमोड आणि डायनिंग टेबल असलेल्या घरात याने फारसे बिघडत नाही. खुरपणीवर जगणाऱ्या बाईला मात्र वेदना गेली तरी काम परत मिळत नाही. एक्स-रे उत्तम, जखम उत्तम, चाल उत्तम. आणि तरी ती म्हणते, ‘पूर्वीसारखं काही राहिलं नाही.’ तिचे म्हणणे तक्रारखोरपणा समजून झटकले जाते. वास्तविक तिच्याशी शस्त्रक्रियेआधी हे बोलणे झाले असते, तर तिने कदाचित शस्त्रक्रिया केलीच असती, पण गोठ्यात उंच स्टूल, घरात कमोड आणि शेतात वेगळे काम यांची तयारी आधी केली असती.

डॉक्टर चुकतात का?

नाही, आणि हा दोषारोपाचा विषयही नाही. खाली बसू नका, हा सल्ला पुराव्यावर उभा आहे. बीजिंगमधल्या वृद्धांच्या अभ्यासात, तरुणपणी रोज दीर्घकाळ उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळली होती. म्हणजे जी बैठक आपल्या जगण्याचा आधार आहे, तीच गुडघ्यावर भारही टाकते. परंपरेचा अभिमान म्हणून ती रेटत राहणे शहाणपणाचे नाही.

बाह्यरुग्ण विभागातली गर्दीही खरी आहे. एका रुग्णाला मिळणाऱ्या काही मिनिटांत त्याचा दिवस विचारायला वेळ कुठे? पण दिवस विचारला नाही, तर सल्ला पाळला जात नाही. पाळला गेला नाही की रुग्ण पुन्हा येतो, पुन्हा एक्स-रे निघतो आणि पुन्हा गोळ्या दिल्या जातात. तीन मिनिटे वाचवण्याच्या नादात तीन वर्षे जातात.

आणखी एक गोष्ट. एक्स-रेतली झीज आणि वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. फिल्मवर बरीच झीज असलेला माणूस आरामात फिरताना दिसतो आणि थोडी झीज असलेला हैराण असतो. म्हणून फक्त फिल्म पाहून ‘अजून वेळ आहे’ किंवा ‘लगेच ऑपरेशन’ म्हणणे अपुरे ठरते.

घरातला दुसरा रुग्ण कोण?

सासऱ्यांच्या खुब्याचे हाड मोडते. ओट्यावरून पाय घसरणे एवढे कारण पुरते. अशा वेळी शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया करून लवकर उभे करणे, हा जगभरचा नियम आहे. आधी हाडवैद्य, मग ‘या वयात कशाला ऑपरेशन’ असा विचार, यात आठवडे जातात. पडून राहिल्याने पाठीला व्रण होतात, छातीत कफ साठतो, आणि एका मोडलेल्या हाडातून जिवावर बेतते.

ते वाचले तरी शौच, लघवी, आंघोळ, कूस बदलणे हे सारे सुनेवर येते. तिची मजुरी बुडते. तिला ते रोज उचलावे लागतात, म्हणून सहा महिन्यांत तिची कंबर जाते. शाळेत जाणारी नात घरी थांबू लागते. दवाखान्याच्या कागदावर रुग्ण एकच असतो, घरात तीन असतात. ही किंमत कोणत्याही बिलात येत नाही. जीवनमानाचा हिशेब घराचा करायला हवा, तो याचसाठी.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, औषधाआधी स्नायू. गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन नियंत्रण हा पहिला उपचार मानला जातो. एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे अभ्यास सांगतो. या व्यायामाला यंत्र लागत नाही. पण ते एकदा दाखवून, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणारा माणूस लागतो. नगर शहराजवळ विळद घाटात आणि लोणीत फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. तिथल्या प्रशिक्षणार्थींचे आठवड्याचे ठरलेले वार प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडले गेले, तर खर्च थोडा आणि फायदा मोठा होईल.

दुसरी, बैठक बदलायची असेल तर साधने हातात द्यायला हवीत. उभ्याने चालवायचे सायकल कोळपे, धार काढायला बुटके पण मजबूत स्टूल, चुलीऐवजी ओट्यावरची शेगडी, शौचालयात कमोड खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडी. राज्याच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना सहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्या साधनांच्या यादीत कमोड खुर्ची, नी-ब्रेस, कंबरेचा पट्टा आहे. पण खुरपणीच्या बाईचा गुडघा पासष्टीची वाट पाहत नाही. कष्टकरी बायकांसाठी ही वयोमर्यादा खाली आणण्याचा विचार व्हायला हवा. शौचालयाच्या अनुदानातही घरात सांध्याचा रुग्ण असेल तर कमोडची सोय धरायला हवी.

तिसरी, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहे. बायकांची पाठ आणि गुडघे वाचवणारी अवजारे हा कृषी खात्याइतकाच आरोग्य खात्याचाही विषय आहे. दोन्ही खात्यांनी एकत्र बसायला हरकत नसावी.

चौथी, कारखान्यांची जबाबदारी. ऊसतोड मजूर मुकादमाचे, म्हणून कारखाना हात वर करतो. पण साखर त्यांच्या कंबरेवर निघते. हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर फडात जाऊन तपासणी, मोळीच्या वजनाला मर्यादा आणि वैद्यकीय कारणाच्या सुट्टीला खाडा न लावणे, या तीन गोष्टी कारखान्यांना अशक्य नाहीत.

पाचवी, गावपातळीची नोंद. आशा स्वयंसेविकांच्या तपासणी यादीत साठीपुढच्यांना चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना मदत लागते का, असे प्रश्न आहेतच. त्यात तिशीपुढच्या सर्वांसाठी ‘खाली बसून आधाराशिवाय उठता येते का?’ एवढा एक प्रश्न वाढवला, तर गुडघे पूर्ण जाण्याच्या दहा वर्षे आधी माणूस सापडेल.

रुग्णाने आणि घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

दवाखान्यात जाताना ‘गुडघा दुखतो’ एवढेच सांगू नये. आपला दिवस सांगावा. या पाच गोष्टी मोबाइलमध्ये लिहून नेल्या तरी पुरे:

• दुखण्यामुळे कोणते काम बंद पडले आणि ते दुसरे कुणी करू शकते का?
• शौचालय कोणत्या पद्धतीचे आहे? बसता-उठता येते का?
• रात्री किती वेळा जाग येते?
• न थांबता किती चालता येते? घरापासून रस्त्यापर्यंत की तेवढेही नाही?
• आतापर्यंत कोणत्या गोळ्या, इंजेक्शने, पुड्या किती दिवस घेतल्या? लपवू नये.

शस्त्रक्रिया सुचवली तर विचारावे: नंतर खाली बसता येईल का, शेतात कोणते काम करता येईल, व्यायाम किती दिवस आणि कोण शिकवणार? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार कोणत्या रुग्णालयात मिळतो, हे अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते.

काही लक्षणांत मात्र वाट पाहू नये. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, पायाचा पंजा लुळा पडणे ही तातडीची लक्षणे आहेत. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी कळ असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. एकच सांधा अचानक सुजून लाल-गरम झाला आणि ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा सांध्याला मालिश करू नये.

सर्वात सोपी सुरुवात घरातूनच होऊ शकते. आईचा, सासूचा गुडघा दुखतो हे सगळ्यांना माहीत असते. पण ती शेवटची आरामात खाली कधी बसली, शौचाला जाताना दाराला धरून उठते का, पंगतीत जेवायचे का टाळते, हे सहसा कुणी विचारलेले नसते. आज विचारावे. मिळेल ते उत्तर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावे. एक्स-रेच्या पाकिटात तेवढा एक कागद जास्तीचा असला, तर उपचार गुडघ्याचा न राहता तिच्या जगण्याचा होईल.